विडी सुटावी, पण पोट सुटू नये

(ऊसतोडीच्या हंगामापूर्वी बीड जिल्ह्यातील एका गावी शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्या, मुकादम व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



वजन म्हणजे काय, हे आपल्या बीड जिल्ह्याला कोणी नव्याने समजावून सांगावे असे नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडील हजारो कुटुंबे बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि त्या कोयत्याची मजुरी ठरते ती कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या टनांवरून. हातात पडणारा पैसा वजनावर अवलंबून असल्यामुळे काट्याकडे कसे पाहावे, हे आपल्या माणसांना चांगले कळते.

आज मी बोलणार आहे ते मात्र माणसाच्या अंगच्या वजनाविषयी. विडी, सिगारेट, तंबाखू वा मिश्री सोडावी असे मी ज्यांना ज्यांना सांगतो, त्यांतील पुष्कळजण एकच शंका काढतात. ते म्हणतात, “डॉक्टरसाहेब, विडी सोडली की पोट सुटते. अमक्याचे सुटले, तमक्याचे सुटले. मग एक रोग जाऊन दुसरा यायचा!” ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यात थोडे तथ्य आहे. परंतु त्या थोड्या तथ्याच्या आधारावर माणसे एक मोठी चूक करून बसतात. म्हणून तथ्य किती आणि भीती किती, याचा हिशेब आज आपण मांडून पाहू.

एका गुरुजींची हकिगत

प्रथम एक हकिगत सांगतो. एका तालुक्याच्या गावचे एक शिक्षक माझ्याकडे येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास. वीस वर्षे दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढण्याची सवय. मुलीने हट्ट धरला म्हणून त्यांनी एके दिवशी सिगारेट सोडली आणि ती निर्धाराने सोडली. पाच महिन्यांत त्यांचे वजन सहा किलोंनी वाढले. विजार कमरेला बसेना. शाळेत सहकारी थट्टा करू लागले, “गुरुजी, सिगारेट सुटली आणि पोटही सुटले!” एका लग्नात कोणीतरी पाकीट पुढे केले. गुरुजींनी मनाशी म्हटले, निदान वजन तरी उतरेल. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

वजन दोनएक किलोंनी उतरले, हे खरे. विजार पुन्हा कमरेला बसू लागली. पण वर्ष उलटण्याच्या आत, एका पहाटे छातीत कळ येऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हृदयविकाराचा झटका होता. दैव बलवत्तर म्हणून ते वाचले. खाटेवर पडल्या पडल्या ते मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चार किलोंच्या भीतीने मी जीव गहाण टाकला.” त्यांचे हे वाक्य मी विसरू शकलो नाही. आज इथे उभा आहे तो त्या वाक्यामुळे.

वजन का वाढते?

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. विडीचा झुरका घेतल्यावर ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. त्याने हृदयाचे ठोके वाढतात आणि भूक मंदावते. शरीराचे इंजिन जणू उभ्या जागीही जोरात फिरत राहते आणि इंधन जाळते. दिवसाला सुमारे चोवीस सिगारेटी ओढणाऱ्यांवर स्वित्झर्लंडमध्ये केलेला एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपानामुळे दिवसाकाठी सुमारे २०० उष्मांक अधिक जळतात, असे त्यात आढळले. सिगारेट बंद झाली की हे जादा जळणेही बंद होते.

दुसरे कारण असे की, धुराने बधिर झालेली जीभ आणि नाक पुन्हा जागे होतात. फोडणीचा वास येऊ लागतो, भाकरी गोड लागते. साहजिकच ताटात एक घास अधिक येतो.

तिसरे कारण सवयीचे आहे. वीस वर्षे जो हात दर तासाला तोंडाकडे जात होता, तो रिकामा राहू शकत नाही. मग त्या हातात शेव येते, भजी येतात, पेढा येतो, नाही तर चहाचा कप येतो.

आता या २०० उष्मांकांचे आपल्या घरच्या मापात मोजमाप करू. शंभर ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या मोठ्या भाकरीत सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात. म्हणजे २०० उष्मांक हे अर्ध्या भाकरीहून थोडे अधिक झाले. साखरेच्या एका लहान चमच्यात २० उष्मांक असतात. दोन चमचे साखर घातलेले दुधाचे तीन जादा चहा घेतले, तरी जवळपास तितकेच उष्मांक पोटात जातात. हे रोजचे २०० उष्मांक न जळता अंगावर साठत राहिले, तर महिन्याकाठी पाऊण किलोच्या घरात चरबी वाढते. यात कसलीही जादू नाही. जमा आणि खर्च यांचा हा साधा ताळेबंद आहे, आणि जो ताळेबंद समजतो तो दुरुस्त करता येतो.

किती वाढते?

माणसे ऐकीव गोष्टींवरून पंधरा-वीस किलोंच्या वार्ता करतात. वस्तुस्थिती तशी नाही. या विषयावरील ६२ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१२ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार, औषधांच्या मदतीशिवाय धूम्रपान सोडलेल्यांचे वजन पहिल्या महिन्यात सरासरी एक किलोहून थोडे अधिक, तीन महिन्यांत पावणेतीन किलोंच्या आसपास आणि वर्षअखेरीस सुमारे साडेचार ते पावणेपाच किलो वाढले. वाढीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतला असतो. पुढे वेग मंदावत जातो.

सरासरीमागे दडलेली एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दर शंभरांपैकी सुमारे सोळा जणांचे वजन वाढण्याऐवजी कमी झाले, तर सुमारे तेरा जणांचे दहा किलोंहून अधिक वाढले. म्हणजे वजन वाढलेच पाहिजे असा नियम नाही. कोणाचे किती वाढावे हे पुष्कळ अंशी त्या तीन महिन्यांत आपण काय खातो आणि किती चालतो, यावर ठरते.

सिगारेट माणसाला सडपातळ ठेवते ही समजूत रुजवण्यात व्यापाऱ्यांचा हातही मोठा आहे. अमेरिकेत १९२८-२९ च्या सुमारास एका सिगारेट कंपनीने स्त्रियांना उद्देशून जाहिरात केली की, मिठाईला हात लावण्याऐवजी आमची सिगारेट घ्या. मिठाईवाल्यांनी त्यावर मोठा गिल्ला केला, पण सिगारेटचा खप वाढला. प्रत्यक्षात, त्याच वजनाच्या न ओढणाऱ्या माणसाशी तुलना केली असता, फार धूम्रपान करणाऱ्याच्या पोटावर चरबी अधिक साठते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी कित्येक माणसे आपण बाजाराच्या दिवशी पाहतो. तेव्हा तंबाखू अंग राखते हा समज मनातून काढून टाकावा.

आपल्या जिल्ह्यातील दुसरी बाजू

आतापर्यंत मी बोललो ते बैठे काम करणाऱ्यांविषयी, म्हणजे आम्ही डॉक्टर, गुरुजन, कचेरीतील मंडळी, दुकानदार आणि वाहनचालक यांच्याविषयी. पण बीड जिल्ह्यात तंबाखूची आणि वजनाची गाठ आणखी एका ठिकाणी पडते.

फडात पहाटे अंधारात उठून ऊस तोडणारा गडी विडी ओढतो ती पुष्कळदा भूक मारण्यासाठी. त्याची कारभारीण मिश्री लावते किंवा तंबाखूची चिमूट दाढेखाली धरते, तीही त्याचसाठी. भाकरी थापायला सवड नसते, मोळ्या भरायच्या असतात, गाडी उभी असते. चिमूटभर तंबाखूने दोन तासांची भूक टळते. पण टळलेली भूक म्हणजे भागलेली भूक नव्हे. अंगातील मांस झिजते, रक्त कमी होते आणि हंगाम संपवून माणूस गावी परततो तेव्हा ओळखू येईनासा होतो.

अशा माणसाने विडी सोडली आणि त्याचे वजन वाढले, तर ती चरबी समजू नये. हरवलेली प्रकृती परत येत आहे असे समजावे. एक तोडणी कामगार विडी सोडल्यानंतर चार महिन्यांनी घाबरून माझ्याकडे आला. अंगाला सूज आली असे त्याला वाटत होते. मी त्याला काट्यावर उभे केले. पूर्वी ४४ किलो होता, आता ४८ किलो झाला होता. त्याच्या उंचीच्या, म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या माणसाचे वजन निदान ५० किलो तरी असावयास हवे. मी त्याला म्हटले, “बाबा, अजून दोन किलो तुझे तुला येणे आहे. ते वसूल कर.”

गर्भवती भगिनींच्या बाबतीत तर हा प्रश्न दोन जिवांचा असतो. मुंबईतील गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. न ओढण्याची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्माच्या वेळचे वजन इतरांहून सरासरी सुमारे १०० ग्रॅमनी कमी भरले, असे त्यात आढळले. मूल जन्माला येण्याआधीच तंबाखू त्याच्या वजनातून आपला वाटा काढून घेते. आशा कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक गर्भवतीच्या आणि तिच्या सासूच्याही कानावर घालावी, अशी माझी विनंती आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. विडी ओढणारा माणूस दिवसेंदिवस वाळत चालला असेल, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, बेडक्यातून रक्त पडत असेल किंवा तोंडातील चट्टा, जखम भरून येत नसेल, तर त्याने तंबाखू सोडून स्वस्थ बसू नये. ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात यावे. क्षयरोगाची आणि कर्करोगाची शंका अशा वेळी तपासून पाहणे आवश्यक असते. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोका वाढतो, हे आता निर्विवाद आहे.

विडीच्या जागी तंबाखू नको

वजनाच्या भीतीने काही लोक एक पळवाट काढतात. विडी सोडतात आणि चुना-तंबाखूचा बार लावू लागतात, किंवा पुडी फोडतात. हा सौदा तोट्याचा आहे. महाराष्ट्रात मुळात विडी-सिगारेटपेक्षा चघळण्याच्या तंबाखूचेच प्रमाण फार मोठे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. निकोटीन दोन्हींत तेच आहे. तोंडाच्या कर्करोगाचे दार मात्र चघळण्याने सताड उघडे राहते. तंबाखूऐवजी नुसती सुपारी चघळणेही सुरक्षित नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे.

“तंबाखू खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही,” असेही पुष्कळजण म्हणतात. पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होते, हे खरे. त्यावर सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी प्यावे. जेवणात मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी यांसारखी पालेभाजी ठेवावी. कोंडा न काढलेल्या पिठाची भाकरी खावी आणि थोडे चालावे. चार आठवड्यांत पोट आपल्या सवयीवर येते.

मग करावे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्यांना वजनाची काळजी आहे, त्यांनी पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

पहिली गोष्ट. आधी तंबाखू सोडा, वजन उतरवण्याचा विचार मागाहून करा. दोन्ही लढाया एका दिवशी सुरू करू नयेत. उपाशी माणसाला तलफ अधिक छळते. म्हणून सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत कडक उपास धरू नयेत आणि जेवण चुकवू नये. वजन घटवणे हे या काळातले उद्दिष्ट नाही. ते फार वाढू न देणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

दुसरी गोष्ट. सोडण्याच्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन वजन करून घ्यावे आणि फितीने पोटाचा घेर मोजून लिहून ठेवावा. आपल्याकडील पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरपर्यंत आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपर्यंत असावा, असे मानले जाते. पुढे पंधरा दिवसांतून एकदा मोजावे. रोज काट्यावर उभे राहून जीव टांगणीला लावू नये.

तिसरी गोष्ट चहाची. आपल्याकडे विडी आणि चहा ही जोडगोळी आहे. विडी सुटली की चहा एकटा राहत नाही, तो दुप्पट होतो. चहा दिवसाला दोन वेळांवर आणावा आणि साखर निम्मी करावी. गूळ घातला म्हणजे वजन वाढत नाही, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. उष्मांकांच्या दृष्टीने गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच.

चौथी गोष्ट. तलफ आली की ती जन्मभर टिकेल असे वाटते. वस्तुतः ती पाच-सात मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावून न्यावयाचा असतो. खिशात बडीशेप, ओवा, लवंग, वेलची किंवा वाळवलेला आवळा ठेवावा. काकडी, गाजर, मुळा दाताखाली धरावा. पेलाभर पाणी सावकाश प्यावे किंवा पातळ ताक घ्यावे. फरसाण, चिक्की, बिस्किटे यांचा पुडा मात्र हाताशी ठेवू नये. मूठभर शेंगदाणे पौष्टिक खरे, पण त्यात दीडशेहून अधिक उष्मांक असतात. तेव्हा मूठ एकच असावी.

पाचवी गोष्ट जेवणाची. आपले बालाघाटच्या डोंगररांगांतील अन्न मुळात चांगले आहे. बाजरी-ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा आणि ताक या जेवणाने पोट लवकर भरते आणि भूक उशिरा लागते. ताटात भाजी-उसळ वाढवावी आणि तेलाचा हात आखडावा, एवढा बदल पुरे. हंगामात सीताफळे येतात. एखादे सीताफळ जरूर खावे, टोपली पुढे घेऊन बसू नये. दिवाळी तोंडावर आहे. ज्यांनी नुकतीच विडी सोडली असेल त्यांनी फराळाचे ताट एकदाच घ्यावे, येता-जाता डब्यात हात घालू नये. घरातील माउलींनीही आग्रह आवरता घ्यावा.

सहावी गोष्ट चालण्याची. साठ किलो वजनाचा माणूस पाऊण तास झपझप चालला, तर दीडशे ते दोनशे उष्मांक खर्च होतात. म्हणजे तंबाखू जेवढे जाळत होती, तेवढे पाऊण तासाच्या चालण्याने आपण स्वतः जाळू शकतो, आणि तेही फुप्फुसे न जाळता. पाऊण तास एकदम नको असेल तर सकाळी वीस आणि संध्याकाळी पंचवीस मिनिटे असे विभागावे. ज्या वेळी हमखास विडी शिलगावली जायची, विशेषतः जेवणानंतरची वेळ, त्याच वेळी हलके चालावयास निघावे. तलफही टळते आणि अन्नही पचते. हृदयविकार झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

सातवी गोष्ट औषधांची. निकोटीनचा च्युइंगम आणि काही गोळ्या तंबाखू सोडण्यास मदत करतात. त्यांचा उपयोग चालू असेपर्यंत वजनवाढही काहीशी मंद राहते. पण ती कायमची टाळत नाहीत. म्हणून औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि चालण्याची सवय त्या अवधीत अंगी बाणवून घ्यावी. दारूपासून या काळात विशेष सावध राहावे. तिने वजन वाढते, आणि दुसऱ्या पेल्याबरोबर विडीही परत येते.

एवढे करूनही वजन वाढले तर?

समजा, एवढे करूनही तीन-चार किलो वाढले. मग काय? अशा वेळी गुरुजींची चूक कोणी करू नये, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे.

अमेरिकेत हजारो स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान सोडल्यानंतर वजन वाढलेल्यांत पहिली काही वर्षे मधुमेहाचा धोका थोडा चढतो, पाच-सात वर्षांनंतर तो उतरू लागतो, असे त्यात दिसले. म्हणूनच मी वजनाकडे दुर्लक्ष करा असे म्हणत नाही. ज्यांच्या घरात मधुमेह आहे, त्यांनी रक्तातील साखर अधूनमधून तपासून घ्यावी. परंतु त्याच अभ्यासात असेही आढळले की, सोडल्यानंतर ज्यांचे वजन दहा किलोंहूनही अधिक वाढले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मेच होते. तराजूच्या एका पारड्यात दहा किलो आणि दुसऱ्या पारड्यात निम्मा धोका! हा निवाडा कोणाही शहाण्या माणसाला करता येईल.

ब्रिटनमधील डॉक्टरांवरच केलेला पन्नास वर्षांचा अभ्यास २००४ साली पूर्ण स्वरूपात पुढे आला. त्यानुसार, तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षांचे, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही तीन वर्षांचे आयुष्य परत मिळते. “आता वय झाले, आता सोडून काय उपयोग?” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनी हे आकडे लक्षात घ्यावेत.

समाजाने हात द्यावा

तंबाखू सोडणे हे एकट्याचे काम वाटते, पण ते एकट्याने निभत नाही. शासनाने आपल्या परीने पावले टाकली आहेत. २००३ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आली. २०१२ च्या जुलैपासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. २००७-०८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर समुपदेशनाची तरतूद आहे. १९७४ पासून अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे तज्ज्ञ सल्ल्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांकही आहे, त्यावरील दूरध्वनीला पैसे पडत नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही या मदतवाहिनीचे केंद्र आहे.

परंतु कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, तलफेपर्यंत पोहोचत नाही. तेथे माणसेच लागतात. मुकादमांना माझी विनंती आहे की, टोळीला उचल देताना तंबाखूचे पुडे आणि विड्यांची बंडले देण्याची पद्धत कोठे असेल तर ती बंद करावी. फडावर सकाळच्या न्याहारीला अर्ध्या तासाची सवड द्यावी. पोटात भाकरी गेलेला गडी विडी कमी मागतो आणि ऊस अधिक तोडतो, हे अनुभवाने कळेल. गुरुजनांनी शाळेच्या आवारात स्वतः तंबाखू मळू नये. मुले पुस्तकापेक्षा आपला हात अधिक लक्षपूर्वक वाचतात. आणि ज्याने विडी सोडली आहे त्याच्या पोटाची थट्टा कोणीही करू नये. आपण सहज केलेली थट्टा त्याला पुन्हा पानपट्टीवर नेते.

ज्यांची थट्टा झाली होती त्या गुरुजींचे पुढे काय झाले, हे सांगून मी थांबतो. रुग्णालयातून घरी गेल्यावर त्यांनी पुन्हा सिगारेट सोडली. या खेपेला त्यांनी वहीत वजन आणि पोटाचा घेर लिहून ठेवला, चहा दोनवर आणला आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर संध्याकाळी बिंदुसरेच्या काठाने फिरण्याचा नेम धरला. वर्षअखेरीस त्यांचे वजन अडीच किलोंनी वाढलेले होते. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “अडीच किलो जास्त भरलो, साहेब. पण भरलो, हे महत्त्वाचे!”

आपणही काट्यावर उभे राहावे, आकडा लिहून ठेवावा आणि त्याच दिवशी खिशातील विडीचे बंडल, चंचीतील तंबाखू, ताकातील मिश्रीची डबी बाहेर काढून टाकावी. दसरा जवळ आला आहे. सीमोल्लंघनाला निघताना एवढे ओझे मागे ठेवून निघालात, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी समजेन.